तरुणांचा पैसा आणि दोन चाळण्या



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच गाठले आणि विचारले, "शेअरबाजार, इस्लाम आणि झाडेझुडपे यांची मोट तुम्ही बांधणार तरी कशी?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. या तीन गोष्टी एका वाक्यात सहसा येत नाहीत. परंतु समुद्रापलीकडे, जावा-सुमात्राच्या बेटांवर, विशी-पंचविशीतली काही मुलेमुली आपल्या पहिल्या पगारातून थोडे पैसे बाजूला काढतात आणि हीच मोट बांधण्याची खटपट करतात. शेअर कोणत्या कंपनीचे घ्यावेत, ते आपल्या धर्माला मान्य आहेत काय, आणि त्या कंपनीने कुठले जंगल तर जाळले नाही ना, असे तीन प्रश्न त्यांच्यापुढे असतात. हे प्रश्न त्यांना का पडतात आणि त्यांची खरी उत्तरे त्यांना मिळतात काय, एवढेच आज पाहावयाचे आहे. आम्ही मौलवी नव्हे, आणि दलालही नव्हे. कोणता शेअर वर जाईल हे ऐकावे म्हणून कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होणार हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम पहिली गाठ सोडवू. इस्लामला व्यापाराचे वावडे नाही. पैगंबर स्वतः व्यापारात वावरलेले होते. त्या धर्माने निषिद्ध मानले ते व्याज, ज्याला ते रिबा म्हणतात. त्याच्या जोडीला मैसिर म्हणजे जुगार, आणि घरार म्हणजे ज्या सौद्यात काय विकले आणि काय घेतले हेच धड ठरलेले नाही असली संदिग्धता. शेअर हा मुळात भागीदारीचा कागद आहे. नफा झाला तर नफ्यात वाटा आणि तोटा झाला तर तोट्यात. म्हणून सावकारी निषिद्ध मानणाऱ्या माणसालाही भागीदारी करता येते. मात्र कंपनी दारू गाळणारी, डुकराचे मांस विकणारी, जुगाराचा अड्डा चालविणारी किंवा व्याजावर पोसलेली बँक नसावी.

येथपर्यंत सोपे आहे. अडचण पुढे आहे. आजच्या काळात कर्ज न काढता चालणारी मोठी कंपनी शोधून सापडणे कठीण. तेव्हा शास्त्र्यांनी आणि नियामकांनी व्यवहारी तोड काढली. इंडोनेशियाच्या नियामकाने अनेक वर्षे अशी मर्यादा ठेवली की, व्याजी कर्ज कंपनीच्या एकूण मालमत्तेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावे, आणि अमान्य मार्गाने आलेले उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. या चाळणीतून खाली उतरलेल्या कंपन्यांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. १९९७ साली तेथे शरीयतीनुसार चालणारा पहिला म्युच्युअल फंड निघाला. २००० साली जकार्ता इस्लामिक इंडेक्स हा ३० कंपन्यांचा निर्देशांक आला, आणि २०११ साली यादीतल्या सर्व शेअरांचा मिळून एक व्यापक निर्देशांक सुरू झाला.

त्याच २०११ साली तेथील उलेमांच्या परिषदेच्या शरीयत मंडळाने ८० क्रमांकाचा फतवा काढला. फतवा म्हटले की आपल्याकडे काही लोक दचकतात. त्याचा अर्थ धर्मशास्त्राच्या आधारे दिलेले मत, एवढाच आहे. शेअरबाजार हा जुगार नव्हे काय, या जुन्या शंकेचे उत्तर त्या मतात होते. बाजारातला व्यवहार मान्य, पण खोटी बोली लावून भाव चढविणे अमान्य. आतली बातमी काढून खरेदी करणे अमान्य. जवळ नसलेला शेअर विकणे अमान्य. त्याच सुमारास शरीयतीनुसार चालणाऱ्या संगणकीय खरेदीची सोय निघाली. तीत यादीबाहेरचा शेअर घेताच येत नाही, आणि दलालाकडून उसने घेऊन खरेदी करता येत नाही. खिशात असेल तेवढ्याचाच व्यवहार! आम्हांला वाटते, हा एक नियम कोणत्याही धर्माच्या तरुणाने आपल्या दारावर लिहून ठेवावा.

आता तरुण या बाजारात आले कसे ते पाहू. पूर्वी तेथे कमीत कमी ५०० शेअर एका वेळी घ्यावे लागत. जानेवारी २०१४ पासून ही संख्या १०० वर आणली. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'चला, शेअर साठवू या' अशा अर्थाची मोहीम शेअरबाजाराने काढली. थेंबे थेंबे तळे साचे, हीच तिची शिकवण. विद्यापीठांतून, आणि इस्लामी विद्यापीठांतूनही, बाजाराचे मार्गदर्शन करणारी दालने उघडली, आणि एक लाख रुपिया घेऊन खाते उघडावे असे विद्यार्थ्यांना सांगण्यात आले. एक लाख हा आकडा ऐकून घाबरू नका. आपल्या पैशात ते सुमारे पाचशे रुपये होतात. मग हातातल्या फोनवरच खरेदी-विक्री होऊ लागली. २०१९ च्या अखेरीस त्या देशात भांडवलबाजारातले गुंतवणूकदार सुमारे २५ लाख होते. २०२२ च्या अखेरीस ते एक कोटीच्या वर गेले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तीस वर्षांच्या आतले होते. शरीयतीच्या सोयीने व्यवहार करणारे यांत थोडेच. २०२१ च्या अखेरीस ते एक लाखाच्या आसपास होते. म्हणजे आम्ही सांगतो आहोत ती सबंध देशाची कथा नव्हे, एका लहानशा, पण विचार करणाऱ्या गटाची आहे.

या गटाला काय खेचते? मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ साली माणसाच्या ठरवून केलेल्या वागण्याची एक चौकट मांडली, आणि अशा विषयांच्या अभ्यासात ती आजही वापरतात. माणूस एखादी गोष्ट करावयाला निघतो तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात, असे ती चौकट सांगते. ती गोष्ट चांगली आहे असे त्याचे मन म्हणते काय? ज्यांना तो आपले मानतो त्यांना ती पसंत आहे काय? आणि ती आपल्या हातून होईल असे त्याला वाटते काय? मोठ्या शास्त्राची ही भाषा आपल्या घरातल्या आजीलाही कळण्यासारखी आहे. नातू कीर्तनाला का गेला? त्याला आवडते म्हणून, घरचे जातात म्हणून, आणि देऊळ जवळ आहे म्हणून!

मनाच्या कलापासून सुरुवात करू. २०१५ साली सुमात्रा आणि कालिमांतान येथे जंगले आणि दलदलीच्या जमिनी महिनोन्महिने जळत होत्या. सुमारे २६ लाख हेक्टर जमीन भाजून निघाली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलरांचा केला. पण आकडे बाजूला ठेवा. त्या वर्षी धुराने शाळा बंद पडल्या, दिवसा आकाश पिवळे दिसू लागले, लहान मुले तोंडाला फडके बांधून घरात बसली. त्या वेळी जी मुले बारा-तेरा वर्षांची होती ती आज कमावती झाली आहेत. पर्यावरण हा शब्द त्यांनी पुस्तकात नंतर वाचला, आधी तो त्यांच्या छातीत गेला. अशा मुलाने पहिल्या पगाराचा विचार करताना 'माझा पैसा पुन्हा धूर तर करणार नाही ना?' असे विचारले, तर त्यात नवल कसले?

दुसरी गोष्ट आपल्या माणसांच्या मताची. इस्लाम माणसाला पृथ्वीचा मालक समजत नाही, तो त्याला खलीफा म्हणजे कारभारी समजतो. जमीन, पाणी, वनस्पती ही अमानत आहे. हा शब्द आपल्या मराठीनेही घेतलेला आहे. विश्वासाने सोपविलेली ठेव असा त्याचा अर्थ, आणि ठेव मोडून खाणारा कोणत्याही समाजात निंद्यच ठरतो. ही शिकवण जुनी असली तरी इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने ती नव्या प्रश्नांना लावून दाखविली. २०१४ साली दुर्मिळ होत चाललेल्या प्राण्यांच्या रक्षणाविषयी, २०१६ साली जंगले जाळण्याविरुद्ध, आणि २०२३ साली हवामानाच्या बदलाविषयी तिने फतवे काढले. सरकारनेही मार्च २०१८ मध्ये सव्वा अब्ज डॉलरांचा हरित सुकूक बाजारात आणला. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नावर आधारलेला रोखा. २०१९ साली सामान्य माणसाला दहा लाख रुपियांपासून घेता येईल असा हरित सुकूक निघाला, तेव्हा घेणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. मशिदीतले प्रवचन, विद्यापीठातले दालन, सरकारचा रोखा आणि मैत्रिणीचा फोन ही सारी एकाच दिशेला बोट दाखवू लागली की पाऊल तिकडे वळते.

तिसरी गोष्ट हातून होण्याची. जंगलाची आग विझविणे पंचविशीतल्या कारकुनाच्या हातात नाही. खाणीचा परवाना रद्द करणे त्याच्या हातात नाही. पण शंभर शेअर कोणाचे घ्यावेत, हे मात्र त्याच्या हातात आहे. मोठ्या संकटापुढे लहान माणसाला काहीतरी करता येते, ही भावना फार मोलाची असते, आणि आमच्या मते या आकर्षणाचे मर्म तिच्यातच आहे. येथे नफ्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, निर्मळपणाची ओढ आहे.

श्रोतेहो, येथेच थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. पण चौथी गोष्ट सांगितल्यावाचून राहिलो तर ती आपली फसवणूक होईल. ती चौथी गोष्ट म्हणजे लोभ. तो हिरवा अंगरखाही घालतो आणि पांढरी टोपीही घालतो.

२०२१ च्या जानेवारीत तेथे काय झाले ते ऐका. विजेच्या मोटारींना बॅटरी लागते, बॅटरीला निकेल लागते, आणि निकेलचे साठे इंडोनेशियात अफाट. झाले! निकेल म्हणजे भविष्यकाळ, असा गजर सुरू झाला. नामांकित माणसांनी फोनच्या पडद्यावरून शेअरांची नावे घ्यावीत आणि भाव उसळावेत. कोणी कर्ज काढून शेअर घेतले, कोणी 'आरिसान'चे पैसे लावले, अशा बातम्या तेथील वृत्तपत्रांत आल्या. आरिसान म्हणजे आपली भिशी. दहा बायकांनी विश्वासाने जमविलेले पैसे! पी हळद आणि हो गोरी, असा तो प्रकार. पुढे भाव उतरले तेव्हा हळदही गेली.

दुसरे उदाहरण अधिक शिकविणारे आहे. भूगर्भातील उष्णतेपासून वीज करणारी बारितो रिन्युएबल्स ही कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ७८० रुपिया भावाने बाजारात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा भाव सात हजारांच्या पुढे होता. वीज खरी होती, वाफ खरी होती, पण तीन महिन्यांत नऊपट वाफ कोठल्या जमिनीतून निघते? सप्टेंबर २०२४ मध्ये निर्देशांक तयार करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला आपल्या यादीत घेण्याचा बेत रद्द केला. कारण असे की, जवळजवळ सारे म्हणजे ९७ टक्के शेअर चारच भागधारकांकडे होते. भाव एका दिवसात सुमारे पाचव्या हिश्शाने कोसळला. हिरव्या रंगाने कंपनीचे काम चांगले ठरेल, भाव रास्त ठरत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ज्या चाळणीवर हे तरुण विश्वास टाकतात ती कशासाठी विणलेली आहे? शरीयतीची चाळणी व्याज अडविते, दारू अडविते, जुगार अडविते. पण बुकित आसाम आणि आदारो या मोठ्या कोळसा कंपन्या जकार्ता इस्लामिक इंडेक्समध्ये वेगवेगळ्या वर्षी बसलेल्या होत्या. कोळसा हा काही हराम पदार्थ नव्हे, आणि त्यांचे व्याजी कर्ज मर्यादेत होते. चाळणीने आपले काम चोख केले. धूर तिच्यातून खाली उतरला, कारण धूर पकडण्यासाठी ती विणलेलीच नव्हती.

उलट बाजू पाहा. केहाती ही १९९४ साली स्थापन झालेली जैवविविधतेचे काम करणारी संस्था. तिच्या साहाय्याने जून २००९ मध्ये २५ कंपन्यांचा पर्यावरणीय निर्देशांक जकार्तात सुरू झाला. त्या चाळणीत कोळशाच्या खाणी अडकतात, कीटकनाशके अडकतात, शस्त्रे आणि तंबाखू अडकतात. पण मोठमोठ्या व्याजी बँका तीतून सहज खाली येतात. म्हणजे पहिली चाळणी कोळसा सोडते आणि दुसरी व्याज सोडते. ज्या मुलीला दोन्ही नको आहेत तिने काय करावे? दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवाव्यात, म्हणजे खाली थोडेच पडेल, पण निवडलेले पडेल. मलेशियाने जुलै २०२१ मध्ये नेमके हे केले. पर्यावरण, समाज आणि कारभार या कसोट्यांना उतरलेल्या कंपन्यांतून शरीयतीला मान्य तेवढ्यांचा एक स्वतंत्र निर्देशांक तेथे निघाला. तोही अंतिम शब्द नव्हे, कारण कंपन्या आपल्याविषयी जे सांगतात त्यावरच अशा कसोट्या बऱ्याच अंशी उभ्या असतात. पण दोन प्रश्न एकत्र विचारावयाचे असतात, हे तरी त्याने मान्य केले.

निकेलचेच पाहा. मोटार धूर सोडीत नाही हे खरे. पण सुलावेसी बेटावर ते निकेल वितळविणाऱ्या भट्ट्यांना वीज पुरविण्यासाठी कोळशावर चालणारी केंद्रे उभी राहिली आणि खाणींसाठी डोंगरावरची जंगले तुटली. शहरातल्या रस्त्यावरचा धूर बेटावर नेऊन ठेवला, एवढाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आणि ज्यांच्या शब्दावर तरुण विसंबतात त्यांचीही परीक्षा झाली. मे २०२४ मध्ये तेथील सरकारने धार्मिक संघटनांना खाणींचे परवाने घेता येतील असा नियम केला. १९२६ ची नहदलातुल उलेमा आणि १९१२ ची मुहम्मदिया या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटना. शाळा, रुग्णालये, अनाथाश्रम चालविणाऱ्या. दोघींनीही ती देणगी घेण्याचे ठरविले. शाळा चालविण्यास पैसा लागतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यांच्याच परिवारातल्या काही तरुणांनी उभे राहून हरकत घेतली. अमानत हा शब्द तुम्हीच आम्हांला शिकविला, असेच जणू त्यांना म्हणावयाचे होते. वडीलधाऱ्यांना त्यांचाच धडा परत म्हणून दाखविणारी तरुण पिढी ज्या समाजात निघते, त्या समाजाविषयी आम्हांला आशा वाटते.

एक शंका आपणांपैकी जाणत्यांच्या मनात आली असेल. बाजारात शेअर घेतला म्हणजे तो पैसा कंपनीला मिळत नाही, शेअर विकणाऱ्याला मिळतो. मग त्या मुलाच्या शंभर शेअरांनी जंगल कसे वाचणार? शंका बरोबर आहे. कंपनी नवे शेअर किंवा नवे रोखे काढते तेव्हाच पैसा थेट तिच्याकडे जातो, आणि हरित सुकूक घेणारा या बाबतीत अधिक सरळ मार्गाने जातो. जुन्या शेअरांच्या खरेदी-विक्रीचा परिणाम आडवळणाने होतो. पुष्कळांनी एखादा शेअर टाळला तर त्या कंपनीला पुढचे भांडवल महाग पडते. आणि भागधारकाला सभेत मत असते, प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. तो हक्क फारसे कोणी बजावीत नाही, ही गोष्ट वेगळी. शेअर घेऊन घरी स्वस्थ बसणाऱ्याचे फक्त मन निर्मळ होते, नदी नव्हे.

हे आम्ही अनुभवाने बोलतो. तरुणपणी आम्हीही एका परिचिताच्या शब्दावर एका कारखान्याचे थोडे शेअर घेतले होते. दर वर्षी लाभांश येई, आणि त्यातून दिवाळीचा खर्च निघे. पुष्कळ वर्षांनी त्या बाजूच्या एका खेड्यात जाण्याचा योग आला. तेथला ओढा जांभळ्या रंगाने वाहात होता. "कशाचे पाणी हे?" असे विचारल्यावर एका म्हाताऱ्या बाईने त्याच कारखान्याचे नाव घेतले आणि म्हणाली, "पोरांनो, विहिरीचंबी असंच झालंय बगा." आम्ही मान खाली घातली. त्या बाईला आमचे नाव ठाऊक नव्हते, पण त्या जांभळ्या पाण्यात आमचा वाटा होता, अगदी कायदेशीर, छापील कागदावर लिहिलेला वाटा! कंपनीच्या सभेची सूचना दर वर्षी टपालाने येत असे. ती आम्ही एकदाही उघडून वाचली नव्हती.

म्हणून त्या दूरच्या मुलांकडे आम्ही कौतुकाने पाहतो. त्यांची चूक होते, ती गजराला भुलतात, यादीवर फार विसंबतात. पण लाभांश किती, याच्या आधी तो कशातून आला, असे विचारण्याचे धैर्य त्यांनी केले आहे. धन कसे जोडावे ही चिंता आपल्या संतांनीही केली होती, आणि तळेगावच्या काचकारखान्यासाठी एकेक पैसा देणाऱ्या आपल्या आजोबांनाही पैसा कोठे जातो याचे भान होते. मुंबईच्या शेअरबाजारातही डिसेंबर २०१० मध्ये शरीयतीला मान्य अशा ५० कंपन्यांचा निर्देशांक निघाला. तेव्हा हा प्रश्न समुद्रापलीकडेच राहिला आहे असे समजण्याचे कारण नाही.

कोणी हिंदू असो, मुसलमान असो, वा कोणत्याच देवाला न मानणारा असो, प्रत्येकाने आपली एक चाळणी विणावी. दुसऱ्याने विणलेली घेतली तर तिची भोके बोट घालून पाहावीत. ती काय अडविते हे सगळेच सांगतात, ती काय सोडून देते ते आपले आपण शोधावे. आज घरी गेल्यावर आपणांपैकी प्रत्येकाने कपाटातला एखादा कागद बाहेर काढावा, शेअरचा असो, फंडाचा असो वा ठेवीचा असो, आणि हा पैसा या क्षणी कोठे काम करीत आहे, एवढा एकच प्रश्न त्याला विचारावा. उत्तर आले नाही तर ते मिळेपर्यंत पत्र लिहावे. आम्ही ते फार उशिरा केले.